स्मृतिभ्रंश, संगीत आणि आपले घर

स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास आपल्या देशातील माणसाचे सरासरी आयुर्मान चाळीस वर्षेही नव्हते. आज ते सत्तरीच्या आसपास आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु आयुष्य वाढले तसे उतारवयाचे आजारही वाढले. त्यांपैकी स्मृतिभ्रंश या आजाराविषयी आपल्या भागात अजून फार कमी बोलले जाते. "साठी बुद्धी नाठी" किंवा "म्हातारचळ लागला" असे म्हणून आपण तो विषय संपवतो. या आजारात घरच्या घरी संगीताचा उपयोग किती व कसा होऊ शकतो, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचा प्रयत्न आहे.

आजार म्हणजे काय?

स्मृतिभ्रंश हा वयाचा दोष नव्हे, तर मेंदूचा आजार आहे. त्याचा सर्वात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली त्याचे प्रथम वर्णन केले. आपल्या देशात झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार साठीपुढील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. म्हणजे शिवरे, नसरापूर किंवा भोर-वेल्ह्याच्या डोंगरातील वाड्या-वस्त्या यातून सुटलेल्या आहेत असे समजण्याचे कारण नाही.

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला याची सुरुवात कधी कधी घरच्यांच्या आधी दिसते. दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी येणारे पेन्शनर आजोबा यंदा सही करताना मध्येच थांबतात. सकाळी पैसे काढून नेलेल्या आजी दुपारी पुन्हा पासबुक घेऊन येतात. मात्र प्रत्येक विसराळूपणा म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. थायरॉईडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, खिन्नता किंवा एखादे औषध यांमुळेही विसर पडतो व तो उपचाराने सुधारू शकतो. म्हणून प्रथम डॉक्टरांना दाखवावे. संगीत ही त्यानंतरची गोष्ट आहे.

गाणे का टिकते?

नातवाचे नाव विसरलेली आजी संपूर्ण पाळणा म्हणते, याचे आपल्याला नवल वाटते. त्याचे कारण असे की, स्मरणशक्ती ही काही एकच पेटी नाही. आज सकाळी काय खाल्ले, कोण येऊन गेले, या ताज्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग या आजारात लवकर बिघडतो. फार पूर्वीपासून ओळखीच्या असलेल्या संगीताची आठवण मात्र मेंदूच्या इतर भागांशीही जोडलेली असते. जर्मनीतील लाइपझिग येथील संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की, अशा संगीताशी निगडित असलेले मेंदूचे काही भाग अल्झायमरमध्ये तुलनेने कमी झिजतात.

दुसरे असे की, साधारणपणे दहा ते तीस या वयातील आठवणी माणसाच्या मनात अधिक घट्ट असतात. आज ऐंशीच्या घरात असलेली व्यक्ती १९५५ ते १९७५ या काळात तरुण होत होती. १९५६ ची धम्मदीक्षा, त्यानंतर वस्तीत प्रथमच सामुदायिक म्हटले गेलेले त्रिशरण-पंचशील, वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांची गीते, गावातील जलसे, लग्नातील गाणी, १९५३ साली सुरू झालेले पुणे आकाशवाणी केंद्र हे सर्व त्या वयाचे सोबती होत.

आणि जात्यावरच्या ओव्या तर आहेतच. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी पुण्याहून काम करून मुळशी-मावळपासून मराठवाड्यापर्यंतच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून त्या प्रसिद्ध होत आहेत. त्यात बाबासाहेबांवर व बुद्धावर रचलेल्या ओव्याही आहेत. या गाणाऱ्या बायांपैकी कित्येकींना अक्षरओळख नव्हती. खुंट्यावरचा हात फिरे तशी ओवी येई, म्हणजे ती ओवी कानाइतकीच हातातही साठलेली होती. आता पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. तरीही त्या काळी दळलेल्या आजीच्या समोर बसून तो हात फिरवून पाहावा. ओवी येईलच असे नाही, पण करून पाहण्यासारखे आहे.

अपेक्षा किती ठेवावी?

संगीताने स्मृतिभ्रंश बरा होत नाही आणि गेलेली स्मृतीही परत येत नाही. "अमुक रागाने अमुक आजार जातो" अशा जाहिरातींना भुलू नये. जगभरच्या तीस अभ्यासांचा जो एकत्रित आढावा २०२५ साली प्रसिद्ध झाला, त्यावरून संगीतोपचाराने खिन्नता बहुधा थोडी कमी होते व वागण्यातील अडचणीही काही प्रमाणात कमी होऊ शकतात, असे दिसते. हे अभ्यास मुख्यत्वे वृद्धांच्या निवासी संस्थांत झालेले आहेत. ऑस्ट्रेलिया, जर्मनी, नॉर्वे, पोलंड व इंग्लंड या देशांत घरच्या माणसांना शिकवून संगीताचा प्रयोग केला गेला. त्याचा निष्कर्ष २०२३ साली आला. तीन महिन्यांनंतर रुग्णाच्या वागण्यातील त्रासात संगीतामुळे लक्षणीय फरक पडल्याचे त्यात दिसले नाही. हेही आपण प्रामाणिकपणे लक्षात घेतले पाहिजे.

मग हा खटाटोप का करावयाचा? कारण रोजचा दिवस पार पाडावयाचा असतो. स्वीडनमध्ये झालेल्या अभ्यासात असे आढळले की, आंघोळ घालताना, कपडे चढवताना परिचारिका नुसत्या सूचना देण्याऐवजी गुणगुणू लागल्या, तेव्हा रुग्णांनी अधिक सहकार्य केले. "हात वर करा" हे दहादा सांगून घरातली सून रडकुंडीला येते. तेच काम गाण्याच्या चालीवर थोडे सोपे झाले, तर दोघींचीही सकाळ सुधारते.

घरी काय करावे?

१) त्या व्यक्तीच्या तरुणपणची गाणी शोधावीत. आपल्याला आवडतात ती लावू नयेत. भाऊ, बहीण, जुने मित्र यांना विचारावे.

२) दिवस मावळताना अस्वस्थता वाढत असेल, तर त्याच्या थोडे आधी वीस-तीस मिनिटे गाणे ठेवावे. टी.व्ही. बंद असावा, आवाज बेताचा असावा. दिवसभर गाणे चालू ठेवल्यास त्याचाच गोंगाट होतो.

३) शक्य तेव्हा मोबाईल बाजूला ठेवून स्वतः म्हणावे. गळा गोड नसला तरी चालतो.

४) परीक्षा घेऊ नये. "हे कुणाचे गाणे, सांगा बरं?" असे विचारल्यास त्या व्यक्तीला आपले उणेपण जाणवते.

५) चेहऱ्याकडे लक्ष ठेवावे. एखाद्या गाण्याने दुःख उफाळून आले किंवा चिडचिड वाढली, तर ते थांबवावे आणि पुन्हा लावू नये.

काळजी घेणाऱ्याची काळजी

या आजारात दोन माणसे थकतात. एक आजारी असते, तर दुसरी तिच्यामागे रात्रंदिवस असते आणि ती बहुधा घरातील सून, लेक किंवा पत्नी असते. तिची झोप मोडते, शेतातले काम बुडते, कधी तोंडून वाईट शब्द जातो व मग मनाला खात राहते. घरात गाणे लावून दिले की आपले कर्तव्य संपले, असे इतरांनी मानू नये. आठवड्यातले दोन दिवस तरी मुलाने, जावयाने, नातवाने ती जबाबदारी घ्यावी. मन फारच खचल्यास शासनाच्या टेली-मानस या १४४१६ क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. ज्येष्ठांच्या प्रश्नांसाठी १४५६७ हा क्रमांक आहे.

येथे आपल्या संस्थेलाही काही करता येण्यासारखे आहे. वर्षावासात विहारात ग्रंथवाचनासाठी आपण जमतोच. वाचनानंतर अर्धा तास ज्येष्ठांच्या गाण्यांसाठी ठेवावा. विसरू लागलेल्या आजी-आजोबांनाही तेथे आणावे. त्या अर्ध्या तासात त्यांच्या घरच्या बाईला स्वस्थ बसता येईल, एवढे झाले तरी पुष्कळ आहे.

विद्यार्थी मित्रांना एक विनंती आहे. घरातील वडीलधाऱ्यांच्या आवडीची दहा गाणी आज, ते धडधाकट असतानाच, वहीत लिहून घ्या आणि त्यांच्याच आवाजात मोबाईलवर साठवून ठेवा. कोणती ओवी त्यांच्या आईची, कोणते गीत कोणत्या जलशात ऐकलेले, तेही लिहा. आजार सुरू झाल्यावर हे सांगणारे कोणी उरत नाही. आयुष्यभर आपल्याला नावाने हाक मारणाऱ्या माणसाला उद्या आपले नाव आठवले नाही, तर त्याच्याशेजारी बसून म्हणण्यासाठी आपल्यापाशी त्याचे एक तरी गाणे असावे.