दगडाला धरून राहणारा मासा

कामथडीहून वेल्ह्याकडे जाताना पावसाळ्यात ओढे फेसाळत धावत असतात. त्यांत पाय रोवून उभे राहणेही आपल्याला कठीण. या भागाचे पाणी नीरा आणि मुठेतून भीमेला व पुढे कृष्णेला मिळते. याच नद्यांच्या खोऱ्यात, अशा वेगाच्या पाण्यात राहणाऱ्या एका माशाला पुण्याचे नाव मिळाले आहे : ग्लिप्टोथोरॅक्स पूनेन्सिस. सुंदरलाल होरा यांनी १९३८ साली त्याचे वर्णन केले.

शिंगाळ्यासारखाच हा मिशावाला, बिनखवल्यांचा. पण वितीपेक्षा लहान. ग्लिप्टोथोरॅक्स म्हणजे 'कोरलेली छाती'. त्याच्या छातीखाली कातडीच्या बारीक चुण्या असतात. छाती दगडावर टेकली की त्या चुण्या पकड घेतात, चपलेच्या तळाच्या रेघा घेतात तशी. शिवाय तळालगत पाण्याचा वेग मुळातच कमी असतो. हे वर्गाला दाखवता येईल. एका काठीला वर आणि तळाशी एकेक दोरा बांधून ती उथळ धारेत उभी धरा. वरचा दोरा ताठ होईल, खालचा त्या मानाने ढिला राहील. (अर्थात पूर ओसरल्यावर!)

लाल यादीने या माशाला 'संकटग्रस्त' ठरवले आहे. धरणामागे धारेचा तलाव होतो, गाळ बसून दगडांमधल्या फटी बुजतात. वाळू उपसली की तळच उखडला जातो. पाणी आहे म्हणजे मासे जगतील, हा आपला समज इथे उपयोगाचा नाही. या माशाला पाणी वाहते हवे.

अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात 'डेव्हिल्स होल' नावाचे एक कुंड आहे. खोली शंभर मीटरहून अधिक, पाणी सुमारे ३३ अंश सेल्सिअस. जेमतेम अडीच सेंटिमीटरचे पपफिश निसर्गात फक्त इथेच आढळतात आणि त्यांचे खाणे व अंडी घालणे चालते ते काठच्या एका उथळ खडकावर. शेतीसाठी भूजल उपसले गेले, पातळी खाली गेली आणि तो खडक उघडा पडू लागला. कुंडात पाणी होतेच, पण माशांचे घर चालले होते. अखेर १९७६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पातळी राखण्यासाठी उपशावर मर्यादा घातली. तरीही २०१३ च्या मोजणीत अवघे ३५ मासे उरले होते.

आपल्या माशाचे घर म्हणजे दगडांवरून वाहणारा खळाळ. शाळेजवळच्या ओढ्यावर असे खळाळ किती, कोणता कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, याची नोंद आठवी-नववीची मुले वर्षभर ठेवू शकतील. मासे पकडायला नकोत. दगड उलटून पाहिलाच, तर पुन्हा होता तसाच ठेवावा.