पाटीवर नसलेलं

कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावरच्या सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयात विहिरीचं पाणी उपसणाऱ्या मोटेचा देखावा आहे. बैल सिमेंटचे, माणसंही सिमेंटचीच. येणारे बहुतेक जण बैलाच्या शिंगाला हात लावल्यासारखं करून फोटो काढतात आणि पुढच्या सुताराकडे किंवा लोहाराकडे वळतात. मी गेलो तेव्हा कडेवर नातू घेतलेले एक आजोबा मात्र तिथून हलेनात. "ह्यो जाड दोर म्हंजे नाडा आणि खालचा बारीक त्यो सोंदूर," ते सांगत होते. "बैल धावंवरनं खाली गेली की मोट वर येती. मग सोंदरानं सोंड ओढली जाती आणि पानी भदाभदा थारुळ्यात पडतं." नातवाचं सगळं लक्ष खारीकडे होतं. पण मागे पुण्यामुंबईचे सात-आठ जण कधी गोळा झाले, ते आजोबांना कळलंही नाही. त्यातल्या एकाने विचारलं, "काका, आणि बैल परत वर कसे यायचे?" आजोबा हसले. "मागं मागं सरत. त्यातच तर गड्याचं कसब!"

दिवाळीच्या सुट्टीत गाडी काढून निघालेल्या मंडळींना परतल्यावर विचारावं, एकाच जागेबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, दिवस कारणी लागला. दुसरा म्हणतो, काही नाही हो, जुनी भांडीकुंडी. दोघंही खरं बोलत असतात. माझ्या मते फरक बहुतेक वेळा वस्तूंचा नसतोच, ती वस्तू उलगडून सांगणारं कुणी भेटलं की नाही, याचा असतो.

'भांडीकुंडी' हा शेरा पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाला हमखास मिळतो, आणि एका अर्थी तो बरोबरही आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा घरचा धंदा चष्म्यांचा. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविताही लिहीत. राजा हा त्यांचा मुलगा सातव्या वर्षी गेला आणि हा सारा संग्रह त्याच्या नावाने उभा राहिला. राजेरजवाड्यांच्या तलवारी जमवणारे पुष्कळ होते. केळकरांनी वाड्यावाड्यांतून, पडवीतून आणि माळ्यावरून आणलं ते अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती, कुंकवाचे करंडे आणि टाचा घासायच्या वज्री. पुढे त्यांनी हे सगळं राज्य सरकारच्या हवाली केलं. वस्तू सुमारे वीस हजार आणि मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास. म्हणजे शुक्रवार पेठेतल्या त्या वाड्यात आपण जे पाहतो, ते आठातलं एक. कोथरूडहून आणून पुन्हा उभा केलेला मस्तानी महालही तिथेच आहे, पण माझं मन त्यापेक्षा अडकित्त्यांतच जास्त रमतं. कुणाचा घोडा झालाय, कुणाचा मोर. सुपारी कातरायला साधं पातं पुरलं असतं की!

इथे लोक इतर संग्रहालयांत बोलतात त्यापेक्षा मोठ्याने बोलतात, हे तुमच्या लक्षात आलंय का? "अगं, आपल्या मावशीकडे होता ना अस्सा!" हे वाक्य मी तिथे किमान चार वेळा ऐकलंय. कपाटातली पाटी वस्तूचं नाव, धातू आणि शतक सांगून मोकळी होते. वज्री न्हाणीघरात कुठे ठेवायचे, नव्या नवरीला ती का द्यायचे, हे बाजूला उभ्या असलेल्या सत्तरीच्या बाईंना विचारावं लागतं. ज्याच्याबरोबर अशी बाई नाही, तो वीस मिनिटांत बाहेर पडतो आणि भांडीकुंडी म्हणतो. त्याला काय दोष द्यायचा?

भायखळ्याला तर एक आख्खा हत्तीच असा मुका उभा आहे. राणीच्या बागेत येणाऱ्यांची झुंबड उडते पेंग्विन पाहायला. त्याच आवारातल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्यातले थोडे शिरतात आणि संग्रहालयाबाहेरच्या दगडी हत्तीपाशी थांबणारे त्याहून थोडे. हा घारापुरीचा हत्ती. पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' नाव दिलं ते याच्यावरून. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. पुढे ते सांधून १९१४ मध्ये त्याला या बागेत उभं केलं. जवळ जाऊन पाहिलं तर सांधे दिसतात. पेंग्विनच्या रांगेत तासभर उभं राहिलेल्या पोराला हे सांगून पाहा, ते हत्तीभोवती तीन चकरा मारून भेगा मोजतं. संग्रहालयाची इमारत १८७२ सालची. पाच वर्षं खपून तिची डागडुजी झाली आणि २००८ मध्ये ती पुन्हा उघडली. खांबांवरची सोनेरी नक्षी आणि मातीच्या छोट्या बाहुल्यांमधले मुंबईच्या जातीजमातींचे पोशाख पाहताना मान अवघडते. मात्र बुधवारी जाऊ नका, दार बंद असतं. बरीच सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तेव्हा निघण्याआधी एक फोन केलेला बरा.

सातारा जिल्ह्यातल्या औंधला गर्दीच नसते. यमाई देवीच्या डोंगरावर औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय उभारलं. राजे स्वतः चित्रकार आणि सूर्यनमस्काराचे प्रचारक. तिथे रविवर्मा आहे, धुरंधर आहेत आणि हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्पही आहे. ज्याच्या कामासाठी लोक लंडनला वाट वाकडी करतात, तो इथे देवीदर्शनाच्या वाटेवर भेटतो. नारळ-उदबत्तीची पिशवी सावरत माणसं त्याच्यासमोरून निघून जातात.

सुट्टीतल्या फिरण्यात बागाही येतात, पण त्यांच्याबद्दल मी जास्त बोलत नाही. एका नावाजलेल्या बागेत नाचतं कारंजं पाहायला दीडशे किलोमीटर गेलो, तर कारंज्याच्या हौदात वाळलेली पानं आणि एक कुत्रं निवांत झोपलेलं. तिकीट मात्र पूर्ण घेतलं. भजी उत्तम होती.

त्याच फेरीत एका जिल्ह्याच्या गावातलं छोटं संग्रहालय लागलं. स्वच्छतागृहाला कुलूप, ट्यूबलाइट लुकलुकणारी, ताम्रपटाच्या पाटीवर फक्त क्रमांक. बायको म्हणाली, चला. मागच्या अंगणात काही दगड ओळीने उभे केले होते. त्यातल्या एकावर 'कोरीव शिळा' एवढंच रंगवलेलं. वर चंद्र-सूर्य, मधे अक्षरं आणि खाली गाढव व बाई. आमच्या पुढे एक कुटुंब होतं. त्यातल्या दहाबारा वर्षांच्या मुलाने विचारलं, "बाबा, गाढव का काढलंय?" बाबांनी खालचं चित्र नीट पाहिलं आणि घाईने म्हणाले, "चल, पुढे तोफ आहे."

दाराशी स्टुलावर बसलेले पहारेकरी उठून आले. "गद्धेगाळ म्हणतात याला," ते म्हणाले. "राजाने जमीन दान दिली की असा दगड रोवायचे. वरचे चंद्र-सूर्य दिसले? ते आकाशात आहेत तोवर हे दान चालायचं. शिलाहारांच्या काळापासूनचे असे दगड कोकणात पुष्कळ सापडतात."

"आणि गाढव?" पोरगं काही सोडेना.

पहारेकऱ्यांनी बाबांकडे पाहिलं, मग मुलाकडे. "शिवी आहे बाळा. दान मोडणाऱ्याला. वाचता न येणाऱ्यालाही कळावी म्हणून चित्रात काढलेली."

मुलगा तोफेकडे गेलाच नाही. उकिडवा बसून तो दगडावरची अक्षरं बोटाने गिरवत राहिला. पहारेकऱ्यांनीही त्याला हात लावू नकोस म्हटलं नाही.