सायकोपॅथीची लक्षणे : ओळख आणि तिच्या मर्यादा

एखाद्या क्रूर खुनाची बातमी आली की आरोपीस ‘मनोविकृत’ अथवा ‘माथेफिरू’ हे विशेषण लावण्याचा प्रघात मराठी वृत्तपत्रांत दिसतो. या एका शब्दात दोन सर्वस्वी भिन्न अवस्थांची गल्लत होते. छिन्नमनस्कतेसारख्या आजारात रुग्णाचे वास्तवाचे भान सुटते. त्यास भास व भ्रम होतात. सायकोपॅथीत असे काही घडत नाही. विचार सुसंगत असतात, बुद्धी शाबूत असते, कायद्याने निषिद्ध काय हेही ठाऊक असते. उणीव असते ती इतरांच्या दुःखाची झळ लागण्याची आणि स्वतःच्या कृत्याची टोचणी लागण्याची.

या अवस्थेचे पहिले सविस्तर चित्र अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हार्वे क्लेक्ली यांनी १९४१ साली ‘द मास्क ऑफ सॅनिटी’ या ग्रंथात रेखाटले. ग्रंथाच्या पुढील आवृत्त्यांत त्यांनी १६ लक्षणे दिली. त्यांतील पहिलेच लक्षण वरवरची मोहकता व चांगली बुद्धिमत्ता हे आहे, हे विशेष. त्यांनी वर्णिलेले बहुतेक रुग्ण खुनी नव्हते. खोटे धनादेश देणारी, नोकऱ्या सोडून निघून जाणारी, कुटुंबाचा विश्वास पुनःपुन्हा मोडणारी आणि अनुभवातून काहीच न शिकणारी ती माणसे होती. चित्रपटांनी रूढ केलेल्या थंड डोळ्यांच्या मारेकऱ्याशी या चित्राचे साम्य फारच थोडे आहे.

मापनाचे श्रेय कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे रॉबर्ट हेअर यांस जाते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सुधारित सूचीत २० घटक आहेत. प्रत्येकास ०, १ वा २ गुण, म्हणजे कमाल ४०. उत्तर अमेरिकेत सामान्यतः ३० ही सीमारेषा मानतात. सूचीत निव्वळ गुन्हेगारी वर्तन मोजले जात नाही; भावनिक उथळपणा, स्वतःविषयीची अवास्तव महती, लबाडी यांनाही गुण असतात. म्हणूनच समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकृतीचे निदान ज्यांस लागू पडते अशा कैद्यांपैकी पुष्कळजण सायकोपॅथीच्या कसोटीस उतरत नाहीत.

येथे पद्धतीचा एक मुद्दा कळीचा ठरतो. गुणांकनासाठी प्रशिक्षित परीक्षकाने मुलाखतीबरोबर व्यक्तीची कागदोपत्री पार्श्वभूमीही तपासणे आवश्यक असते. केवळ मुलाखतीवर गुण देता येत नाहीत. सराईतपणे खोटे बोलणे हेच जेथे लक्षण, तेथे त्या व्यक्तीच्या बोलण्यावर विसंबणार कसे? सायकोपॅथी भेटीत दिसत नाही; ती दिसलीच तर अनेक वर्षांच्या वर्तनाच्या नोंदीत दिसते. प्रत्येक ठिकाणी निराळी हकिकत सांगणे, दोष नेहमी दुसऱ्याच्या माथी मारणे, पश्चात्तापाचे शब्द उच्चारूनही वर्तनात तसूभर फरक न पडणे, हा आकृतिबंध घरी, कामावर, मैत्रीत, सर्वत्र आढळावा लागतो.

अध्यापकांच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. वर्गात निर्विकार बसणारा विद्यार्थी नैराश्याने ग्रासलेला, स्वमग्न वा निव्वळ बुजरा असू शकतो. उर्मट विभागप्रमुख बहुधा उर्मटच असतो. १८ वर्षांखालील व्यक्तीस तर समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकृतीचे निदान देण्यास अमेरिकन निदानपुस्तिकाच मनाई करते. एखाद्या सहकाऱ्याने वारंवार फसविल्यास तारीखवार कृत्ये नोंदवून तक्रार करता येते, पुढील व्यवहार नाकारता येतो. त्यासाठी निदानाची गरज नसते.

घाईच्या निदानाची किंमत टेक्सासमधील थॉमस बेअरफूट खटल्यात दिसली. पोलिसाच्या खुनाबद्दल दोषी ठरलेल्या या इसमास मनोविकारतज्ज्ञ जेम्स ग्रिगसन यांनी एकदाही तपासले नव्हते. वकिलाने मांडलेल्या काल्पनिक प्रश्नाच्या आधारे त्यांनी त्यास ‘सोशिओपॅथिक’ ठरविले आणि तो पुन्हा हिंसा करील हे शंभर टक्के निश्चित असल्याची साक्ष दिली. अशी दीर्घकालीन भाकिते तीनांपैकी दोन वेळा चुकतात, असे अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने सर्वोच्च न्यायालयास कळविले होते. तरीही १९८३ साली न्यायालयाने ही साक्ष ग्राह्य मानली आणि १९८४ साली बेअरफूटला मृत्युदंड दिला गेला. न तपासता निदान केल्याबद्दल व खात्रीचा दावा केल्याबद्दल त्याच संघटनेने ग्रिगसन यांस १९९५ साली सदस्यत्वावरून काढले. पुढे २०२० साली तज्ज्ञांच्या एका गटाने हेअर यांच्या सूचीबद्दलही असेच निवेदन केले : कैदी तुरुंगात गंभीर हिंसा करील की नाही, हे मृत्युदंडाच्या सुनावणीत सांगण्याइतकी अचूकता या सूचीत नाही.