दरसाल ॲप नवं, शेत तेच

नंदुरबारच्या बाजारात एक शेतकरी सहज बोलून गेला, "दरसाल ॲप नवं, शेत तेच." महसूल खात्यासारखं अवाढव्य खातं कामाची रीत बदलतं, तेव्हा बांधावर काय होतं ते बघावं म्हणून रनाळं गाव गाठलं.

कपाशी कमरेला लागली होती. शेत एका मावशींचं. त्यांचा भाचा फोनवर ई-पीक पाहणीचं ॲप उघडून सरीत उभा. "नेट शे का?" मावशींनी विचारलं. होतं, एकच काडी. खातं, गट, क्षेत्र त्याने भराभर भरलं. पीक मात्र मीच नोंदवणार, असा मावशींचा हट्ट. निंदणीनं हिरवंकाळं पडलेलं, भेगाळलेलं बोट. स्क्रीन दाद देईना. पदराला पुसून पुन्हा पुन्हा दाबलं, तेव्हा कुठे 'कापूस' उमटलं.

"आनि चुकलं तर?"

"48 तास, मावशी."

पूर्वी गाव नमुना 12 मधली पीकनोंद तलाठी करायचे. ती चुकलीय हे शेतकऱ्याला कळायचं ते कर्ज, विमा नाहीतर नुकसानभरपाईच्या वेळी. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीने ही नोंद शेतकऱ्याच्याच हाती दिली. वर्षाच्या आत, 1 ऑगस्ट 2022 ला, ॲपची दुसरी आवृत्ती आली. फोटो गटापासून लांब काढला तर ॲप टोकू लागलं, मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिकं नोंदवता येऊ लागली आणि चुकलेली नोंद 48 तासांत एकदा स्वतः दुरुस्त करायची सोय झाली. शेतकऱ्याचा शब्द खरा धरायचा, तलाठ्याने किमान 10 टक्के नोंदी तपासायच्या. 2024 च्या खरिपात त्यापुढची पद्धत आधी 34 तालुक्यांत चालवून पाहिली, मग रब्बीपासून राज्यभर नेली.

थोडं करा, वापरणाऱ्याच्या हाती द्या, त्याचं ऐका, बदला: 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात 17 संगणकतज्ज्ञांनी जो एजाइल जाहीरनामा काढला, त्याचं सार हेच. आपल्या खात्याने ते नाव घेतलं असो-नसो, चाल तीच आहे. जिथे साध्या दुरुस्तीसाठी तहसीलला खेटे घालावे लागायचे, तिथे 48 तासांची मुभा मिळणं मला मोठं वाटतं.

अडतं ते 'त्याचं ऐका' इथे. अभिप्रायाची सोय ॲपमध्ये आहे, पण भेगाळलेल्या बोटाची तक्रार मावशी तिथे कशी मांडणार? भाचा कामाला सुरतेला असतो, दोन दिवसांसाठी आलेला. तो गेला की फोनही गेला. मग ते 48 तास नक्की कोणाचे?

पुढची आवृत्ती काढण्याआधी ती बनवणाऱ्यांनी एक दिवस कपाशीच्या सरीत उभं राहून, निंदणी केलेल्या हाताने नोंद करून बघावी. आणि 48 तासांचे निदान आठ दिवस करावेत.