मागचा बार भिसे खिंडीत ठरतो

जुन्या गाड्यांच्या रॅलीत एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार उभी राहिली की गर्दी तारांच्या चाकांभोवती आणि क्रोमच्या जाळीभोवती जमते. मागच्या ॲक्सलजवळची वाकवलेली सळई कुणाला दिसत नाही. गॅरेजमध्ये मात्र मालक आणि मिस्त्री यांच्यात सगळ्यात जास्त वाद होतात ते याच सळईवरून. कुणी तिला स्वे बार म्हणतं, कुणी अँटी-रोल बार. आमच्याकडे तिचं नाव स्टॅबिलायझर. वळणावर गाडी एका बाजूला कलू लागली की ही सळई पिळली जाते आणि तो कल रोखते. काम एवढंच, पण ती किती जाड असावी यावर गाडीचा सगळा स्वभाव बदलतो.

एमजीबी 1962 साली बाजारात आली, 1798 सीसीचं इंजिन, मागे पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसवलेला अखंड ॲक्सल. त्या वेळी तिच्या मागच्या बाजूला स्टॅबिलायझर नव्हता. 1974 मध्ये अमेरिकेच्या नियमांपायी रबरी बंपर आले, गाडीची उंची वाढवली गेली आणि ती वळणावर झुलू लागली. मग 1976 मध्ये कंपनीने पुढचा बार जाड केला आणि मागेही बार दिला. आज साठच्या दशकातली एमजीबी बाळगणारे अनेक मालक जो मागचा बार मागतात, त्याचा जन्म असा. ज्या दुखण्यासाठी तो आला, ते दुखणं त्यांच्या गाडीला मुळात नव्हतं.

असेच एक मालक इंग्लंडहून 19 मिलिमीटरचा बार मागवून घेऊन आले. मिस्त्री म्हणाले, "शेठ, सोळाचा घ्या." शेठना वाटलं, तीन मिलिमीटरनं काय होणार? पण बारची ताठरता जाडीच्या चौथ्या घातानं वाढते. सोळाचा एकोणीस केला की ताठरता जवळजवळ दुप्पट होते. कागदावर आकडा मांडून दाखवला तरी शेठ ऐकेनात. मिस्त्रींनी वाद घातला नाही. बार बसवला आणि म्हणाले, "चला रोह्याला."

आमचा चाचणीचा रस्ता ठरलेला आहे. पेण, वडखळ, नागोठणे, तिथून महामार्ग सोडून भिसे खिंड आणि रोहा. पेण ते नागोठणे या टप्प्यात नवं गुळगुळीत काँक्रीट, जुने डांबराचे तुकडे, डोलवीच्या कारखान्याकडे जाणारे जड ट्रक आणि त्यांनी खचवलेल्या कडा, सगळं भेटतं. खिंडीत चढ आणि आवळ वळणं एकत्र येतात. गाडीचा मागचा भाग काय करतो ते कॅटलॉगमधून कळत नाही, इथे कळतं.

महामार्गावर शेठ खूश होते. गाडी सपाट वळत होती, स्टीअरिंगला झटकन उत्तर देत होती. खिंडीच्या चढावर, एका उजव्या वळणात त्यांनी पाय दाबला आणि आतलं मागचं चाक हलकं होऊन जागच्या जागी फिरू लागलं. रबराचा वास आला, गाडी पुढे जाईना. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हलकं झालं की तेच मोकळं फिरतं, आणि जाड बार नेमका तेच आतलं चाक वर ओढून धरतो. बार पकड वाढवत नाही. पुढची आणि मागची चाकं यांपैकी कोणाची पकड आधी सुटायची, एवढंच तो ठरवतो. मागचा बार जाड केला की मागच्या बाहेरच्या टायरवर भार वाढतो. कोरड्या रस्त्यावर हे गोड वाटतं. जूनमध्ये डोंगरातली लाल माती रस्त्यावर वाहून आली की त्याच वळणावर गाडीचं शेपूट बाहेर निघतं.

परतताना पेणला चहासाठी थांबलो. हमरापूर-जोह्याकडून गणपती भरून मुंबईला नेणारा एक टेम्पोवाला गाडीखाली वाकून बघत होता. तो म्हणाला, "दादा, माझा टेम्पो झुलला तर मूर्ती झुलते, तिला काय होत नाय. एका चाकाला दणका बसून तो सगळीकडे गेला तर मात्र बोट तुटतं." जाड बारचा दुसरा दोष त्यानं एका वाक्यात सांगितला होता. डावं चाक खड्ड्यात गेलं की बार उजव्या चाकालाही ओढतो आणि हादरा अख्ख्या गाडीत पसरतो. गणपती वाहणाऱ्या माणसाला हे कळतं, कारण त्याची रोजी त्यावर आहे. त्याचं ऐकल्यावर शेठनी सोळाला होकार दिला.

बसवण्याचं काम सोपं दिसतं आणि तिथेच बहुतेक गाड्या बिघडतात. गाडी जॅकवर लटकत असताना बुशचे बोल्ट आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर, गाडी स्वतःच्या वजनावर उभी, मग आवळायचे. शेवटच्या लिंक रॉडचा बोल्ट बोटानं आत सरकला पाहिजे. ठोकून घालावा लागला तर बार उभ्या गाडीतच पिळलेला आहे, आणि गाडी डावीकडे एक व उजवीकडे दुसरं वागेल. सायलेन्सरच्या नळीपासून अंतर ठेवायचं, तेही मागे माणसं बसवून किंवा पोती टाकून पाटे दबल्यावर तपासायचं.

एकानं स्थानिक वेल्डिंगवाल्याकडून साध्या लोखंडी सळईचा बार वाकवून घेतला होता. गंमत अशी की साध्या लोखंडाची ताठरता स्प्रिंग स्टीलइतकीच असते, त्यामुळे पहिल्या दिवशी फरक कळत नाही. पण जोराच्या वळणात साधी सळई पिळली की पिळलेलीच राहते. आणि खऱ्या स्प्रिंग स्टीलला वाकवण्यासाठी गॅसची आच दिली तर त्याचं पाणी उतरतं.

ज्यांना मागचा बार म्हणजे विलायती चैन वाटते त्यांना मी पद्मिनी दाखवतो. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात बनलेल्या या फियाटला मागेही स्टॅबिलायझर होता. 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत मुंबईत धावलेल्या त्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी तो वर्षानुवर्षं वापरला. पातळ, पाट्यांना जुळणारा, गुपचूप काम करणारा बार.

एक गोष्ट मी कधीच होऊ देत नाही, चासीला नवी भोकं. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. क्लॅम्पवर बसणारा आणि उद्या काढता येणारा बारच घ्यावा. पन्नास वर्षं टिकलेल्या पत्र्यावर ड्रिल चालवण्याचा हक्क आपल्याला नाही असं माझं ठाम मत आहे.

तुमची गाडी झुलत असेल तर बार मागवण्याआधी पाट्यांचे बुश बघा. एमजीबीच्या लिव्हर शॉक ॲब्सॉर्बरमध्ये तेल आहे का ते बघा, टायर किती जुने आहेत ते बघा. आमच्याकडे मागच्या बारसाठी आलेल्या बऱ्याच गाड्या एवढ्यावरच सरळ झाल्या. त्यानंतरही झुलली, तर आधी पुढचा बार तपासा, आणि मागचा घ्यायचाच असेल तर मिळेल त्यातला सगळ्यात पातळ घ्या.