वही की सुटे कागद?

उज्जयिनीस शिप्रेच्या रामघाटावर तीर्थोपाध्यायांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या आहेत. यात्रेकरूने गाव, जात व आडनाव सांगितले की उपाध्याय नेमके पान काढून त्याच्या पूर्वजांची नावे वाचून दाखवितात. हीच नावे प्रत्येकी सुट्या कागदावर, वेगवेगळ्या पाकिटांत ठेवली असती तर? वाचण्यास वेळ तेवढाच लागला असता. परंतु पाकिटे हुडकणे, उघडणे आणि पुन्हा मिटणे यांतच दिवस मावळला असता.

संगणकापुढेही नेमका हाच प्रश्न उभा राहतो. माहिती शेकडो स्वतंत्र फायलींत ठेवावी, की एकाच फायलीत वहीप्रमाणे बांधावी? अशा वहीस अंतर्भूत डेटाबेस म्हणतात. तिला सांभाळण्यास निराळा कारभारी लागत नाही. वापरणाऱ्या प्रोग्रामच्या पोटातच तिची सारी व्यवस्था असते. रिचर्ड हिप यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला 'एसक्यूलाइट' हा या वर्गातील सर्वांत प्रसार पावलेला डेटाबेस होय. आजच्या मोबाइल फोनांत तो सर्रास आढळतो.

त्याच्या कर्त्यांनी केलेल्या मोजणीत सुमारे दहा किलोबाइटांची लहान चित्रे सुट्या फायलींपेक्षा या वहीतून सुमारे ३५ टक्के अधिक वेगाने वाचली गेली. जागाही सुमारे २० टक्के कमी लागली. कारण उघड आहे. सुटी फाइल दर वेळी उघडावी व मिटावी लागते, वही एकदाच. शिवाय प्रत्येक फायलीच्या शेवटच्या खणात थोडी जागा रिकामी राहते.

तथापि वही सर्वत्र श्रेष्ठ ठरते असे नाही. जिम ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली मायक्रोसॉफ्टच्या एका मोठ्या डेटाबेसची परीक्षा केली. २५६ किलोबाइटांहून लहान वस्तू डेटाबेसमध्ये, तर एक मेगाबाइटाहून मोठ्या वस्तू फायलींत ठेवणे इष्ट, असा निष्कर्ष निघाला. वस्तू मोठी झाली की उघडझाकीचा खर्च नगण्य होतो.

वेगाइतकीच सुरक्षितताही महत्त्वाची आहे. लिहिता लिहिता वीज गेली, तर सुट्या फायलीत अर्धवट मजकूर राहू शकतो. डेटाबेस मात्र नोंद पूर्ण तरी करतो, नाही तर पूर्वस्थितीवर आणतो. या हमीचे मोल वेळात द्यावे लागते. म्हणून नोंदी एकेक न करता अनेक नोंदी एकाच व्यवहारात लिहिणे शहाणपणाचे असते.

उज्जयिनीतील सिंधिया प्राच्यविद्या प्रतिष्ठानासारख्या हस्तलिखितसंग्रहांचे उदाहरण घ्यावे. पानांची मोठी छायाचित्रे फायलींत आणि त्यांची सूची डेटाबेसमध्ये, अशी वाटणी तेथे सोयीची ठरेल. मात्र दोहोंची प्रत एकाच वेळी काढून ठेवली पाहिजे. कारण सूची हरवली, तर चित्र असूनही पोथी सापडणार नाही. साधन निवडण्यापूर्वी वस्तू केवढी व ती किती वेळा उघडावयाची, हे मोजणे हीच खरी सुरुवात होय.