रस्त्याची खरी रुंदी

रेवस ते रेडी सागरी महामार्ग हे कोकणाचे जुने स्वप्न आहे. बॅरिस्टर अंतुले १९८० ते ८२ या काळात मुख्यमंत्री असताना त्याचा हिरिरीने पुरस्कार झाला. खाड्यांवर पूल झाले, तर मुरूड-श्रीवर्धनचा माणूस मुंबईच्या जवळ येईल. अत्यवस्थ रुग्णाला घेऊन वळणावळणांनी धावणाऱ्या कुटुंबाला रस्ता नाकारण्याचा अधिकार शहरातील वृक्षप्रेमींना नाही. प्रश्न रस्ता हवा की नको हा नव्हेच. त्याची किंमत कशी मोजायची, हा आहे.

सरकारी हिशेब सोपा असतो. पट्ट्यात येणारी झाडे मोजावीत आणि तितकी रोपे अन्यत्र लावावीत! परंतु रस्त्याची खरी रुंदी डांबराच्या कडेशी संपत नाही. ब्राझीलने १९७२ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या अरण्यातून महामार्ग खुला केला. मुख्य रस्त्याला आडवे फाटे फुटले, फाट्यांच्या कडेने वसाहती व कुरणे वाढली आणि आकाशातून पाहता माशाच्या काट्यासारखी दिसणारी उजाड नक्षी अरण्यावर उमटली. रस्त्यासाठी तुटली त्याहून कितीतरी अधिक झाडे रस्त्यामुळे तुटली.

रायगडात कुरणांची जागा बंगल्यांनी घेतली आहे. रस्त्याची नुसती आखणी झाली, तरी एस.टी.च्या आधी दलाल येतो. डोंगरउतारावरील वरकस जमीन विकली जाते आणि उतार सपाट होतो. जंजिऱ्याच्या नबाबांची शिकारीची राई असलेले फणसाड १९८६ मध्ये अभयारण्य झाले. तेथील शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. फांद्यांची सलगता तुटली की त्याचे रान दुभंगते. ऐन-किंजळांवर चढलेल्या गारंबीच्या अजस्र वेलीची भरपाई कोणत्या रोपवाटिकेत मिळणार? खाडीकाठच्या कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग होय, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्येच बजावले आहे.

म्हणून क्रम बदलला पाहिजे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस बिनशेती परवाने कोठे मिळणार नाहीत, हे कामाला प्रारंभ होण्यापूर्वीच जाहीर व्हावे आणि ते ग्रामसभांना विचारून ठरावे. रानाच्या पट्ट्यात रस्ता अरुंद ठेवून वरच्या फांद्या एकमेकींस भिडू द्याव्यात. वाहन तेथे काही मिनिटे हळू चालेल, इतकेच. रुग्णाला वेळेवर इस्पितळ मिळावे, यासाठी डोंगर विकावा लागत नाही. हा फरक आपल्या लोकप्रतिनिधींना स्पष्टपणे विचारण्याचे काम मात्र नागरिकांचेच आहे.